वाचवत नाही आणि ठेववतही नाही: बालपणी अत्याचार सोसलेल्यांच्या सत्यकथा कशा वाचाव्यात

घरात, नात्यात, शाळेत किंवा वसतिगृहात लहानपणी अत्याचार सोसलेल्या माणसांनी मोठेपणी लिहिलेल्या कहाण्या आता मराठीत बऱ्याच मिळतात. काही मुळात मराठीतल्या, काही अनुवादित. सोलापुरात आमचं एक छोटं वाचनमंडळ आहे. बहुतेक बायका, दोन-तीन पुरुष. कुणी शिक्षिका, कुणी अंगणवाडीत, कुणी चादरीच्या दुकानात हिशेब लिहिणारं. अशी पुस्तकं आम्ही बरीच वर्षं वाचत आलोय आणि दर वेळी नवीन आलेलं कुणीतरी म्हणतंच, "ताई, वाचवत नाही ओ, आणि ठेववतही नाही." हा लेख अशा वाचकांसाठी आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. उद्या तुमच्या ओळखीतलं एखादं मूल, किंवा चाळिशीतली एखादी मैत्रीण, "तुला काही सांगायचं होतं" म्हणून थांबेल. त्या वेळी तिचं ऐकून घेण्याइतकं बळ आपल्यात असावं, यासाठी ही पुस्तकं वाचायची. रडून मोकळं होण्यासाठी किंवा आपण किती सोसू शकतो हे बघण्यासाठी वाचली, तर शेवटी हातात फक्त थकवा येतो.

आधी स्वतःला विचारा: आत्ताच का?

पुस्तक उघडण्याआधी कागदावर एक ओळ लिहा: "मी हे वाचतेय कारण..." कारण काहीही असो. वर्गातलं एखादं मूल अचानक गप्प झालंय. भाची आजोळी यायचं नाव काढलं की रडते. मैत्रिणीने सुचवलं. नुसतं कुतूहल असलं तरी त्यात वाईट काही नाही, फक्त ते कुतूहल आहे हे माहीत असू द्या.

एक कारण मात्र वेगळं आहे: हे माझ्याबाबतीतही घडलंय. ही माणसं थोडी नाहीत. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्रासह १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून तो केलेला होता. त्यातल्या ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं, आणि त्यात मुलग्यांचं प्रमाण मुलींपेक्षा थोडं जास्तच होतं. मारहाण सोसलेली मुलं तर तीनांत दोन. म्हणजे दहा जणांच्या मंडळात आपल्या शेजारी बसलेल्या कुणाची तरी ही गोष्ट असणार, हे धरूनच चालावं.

तुमची स्वतःची अशी आठवण असेल तर हे पुस्तक वाचलंच पाहिजे असं कुणीही सांगू नये, मीही सांगणार नाही. कित्येकांना ते वाचून पहिल्यांदा कळतं की हे आपल्या एकट्याचं नव्हतं, आणि त्याने फार मोठा आधार मिळतो. कित्येकांची मात्र आठवडाभराची झोप जाते. सुरू करायचं असेल तर दोन गोष्टी बघा. रात्री अकरालाही फोन लावता येईल असं एक माणूस आहे का? आणि घरात सध्या लग्न, आजारपण, बाळंतपण असं काही चाललेलं नाही ना? या दोन्हींची उत्तरं मनासारखी नसतील तर पुस्तक पुढच्या महिन्यातही तिथंच असेल.

वाचताना जुना प्रसंग आठवणं वेगळं आणि तो आत्ता पुन्हा घडतोय असं वाटणं वेगळं. तोच वास, तोच आवाज, अंग गोठून जाणं असं होऊ लागलं तर पुस्तक मिटा आणि जाणकाराशी बोला. १४४१६ ही 'टेलि-मानस' सेवा केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केली. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतून बोलता येतं. समोरासमोर बोलायचं असेल तर आपल्या सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात केस पेपर काढून जाता येतं. तिथल्या रांगेत कुणी ओळखीचं भेटेल ही धास्ती मला समजते. सोलापूर तसं गावच आहे. पण त्या रांगेत झोप न लागणारे, डोकं दुखणारे, दारू सोडू पाहणारे असे सगळेच असतात. आपण कशासाठी आलोय ते कपाळावर लिहिलेलं नसतं.

पुस्तक निवडताना

वाचनालयाच्या कपाटापुढे उभं राहून पाच मिनिटं खर्च करा. मुखपृष्ठावर पाणावलेल्या डोळ्यांचं मूल आणि मागे 'हादरवून टाकणारी', 'अंगावर शहारे आणणारी' अशी विशेषणं असतील तर जरा सावध व्हा. पुस्तक वाईटच असेल असं नाही, पण ते विकणाऱ्याने दुःखाला गिऱ्हाईक शोधलंय एवढं नक्की.

मग मधली तीन ठिकाणं उघडून अर्धं-अर्धं पान वाचा. तिन्ही ठिकाणी फक्त काय केलं गेलं याचीच बारीक वर्णनं असतील तर पुस्तक परत ठेवा. चांगल्या आत्मकथनात त्या मुलाचं डोकं चाललेलं दिसतं. कुठं लपायचं, कुणाला सांगता येईल, उद्या शाळेत काय सांगायचं, याचा हिशेब दिसतो. कोण सांगतंय तेही बघा. स्वतः सोसलेली व्यक्ती, तिच्या सांगण्यावरून लिहिणारा लेखक, की समुपदेशक? तिघांच्या सांगण्यात फरक पडतो.

आणि शेवटचं प्रकरण आधी वाचा. कादंबरीत असं करणं म्हणजे मजा घालवणं, पण इथे रहस्य जपायचं नाहीये. ही बाई जगली, शिकली, आज अमुक काम करते आहे, हे माहीत असलं की मधली काळी पानं वाचताना पायाखाली जमीन राहते. आमच्या मंडळात ही एक सूचना सगळ्यांत जास्त उपयोगी पडली आहे.

मराठी वाचकाला आणखी एक सांगायला हवं. आपल्याकडच्या जुन्या आत्मचरित्रांत लहानपणीची मारझोड पावलोपावली आहे आणि ती बहुधा हसत सांगितलेली आहे. बापाने चौदावं रत्न दाखवलं, मास्तरांनी पाठ सोलून काढली, कोंडून ठेवलं, उपाशी निजवलं, आणि पुढच्याच वाक्यात 'म्हणून तर आम्ही घडलो'. ही पुस्तकंही याच प्रकारात धरा आणि त्याच लक्षाने वाचा. पाठीवर वळ असलेलं ते नऊ वर्षांचं पोर त्या हसण्याच्या मागे अजून उभंच असतं. शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा करायला २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने बंदी आहे. घरातली शिक्षा मात्र अजून 'आमचा घरचा मामला' या नावाखाली चालते.

जागा, वेळ आणि घरातली माणसं

रात्री झोपण्याआधी वाचू नका, एवढी सूचना बहुतेकांना पुरते. पण दिवसभर कामात असलेल्या बाईला वेळ मिळतो तोच रात्री दहानंतर, हे मला ठाऊक आहे. तिने रात्री दुसरं काहीही वाचावं आणि हे पुस्तक सुटीच्या सकाळसाठी राखावं. मुंबईला जाताना सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या बर्थवर पडून वाचायलाही हे पुस्तक नको. आजूबाजूला सगळे झोपलेले, दिवे मालवलेले, उठून जायला जागा नाही. वाचून झाल्यावर हातापायांना काम मिळेल अशी वेळ निवडा. पीठ मळायचंय, भाजी आणायचीय, मुलाला क्लासला सोडायचंय, अशा कामाच्या आधीचा तास उत्तम.

दोन खोल्यांच्या घरात सहा माणसं असतील तर एकांत कुठून आणायचा? सकाळी तळ्याकाठचा बाक चालेल, हिराचंद नेमचंद वाचनालयात बसलात तरी चालेल. आजूबाजूला अनोळखी माणसांची साधी वर्दळ असेल तर उलट बरंच. मे महिन्यात बाहेर बसायचं असेल तर नऊच्या आत आटपा.

घरात पुस्तक उघड्यावर ठेवू नका. दहा-बारा वर्षांचं मूल ते उचलून वाचतं आणि त्याला पडलेले प्रश्न विचारायला कुणी सापडत नाही. आणि ज्याच्याबरोबर राहता त्याला किंवा तिला एका वाक्यात सांगून ठेवा: "मी असं एक पुस्तक वाचतेय, दोन-चार दिवस गप्प दिसले तर काळजी करू नकोस." या वाक्यावरून कधीकधी समोरचा माणूसच बोलू लागतो. त्यासाठीही तयार राहा.

वाचण्याची गती

एका बैठकीला एक प्रकरण. ते लांब असेल तर अर्धं. ज्या पानावर थांबायचं तिथे वाचायला बसण्याआधीच खूण घालून ठेवा, म्हणजे 'आता थांबू की नको' हा निर्णय भरल्या डोळ्यांनी घ्यावा लागत नाही.

शरीराकडे लक्ष द्या. खांदे कानापर्यंत चढलेत, दात घट्ट आवळलेत, श्वास वरच्या वर चाललाय, ही भीतीची खूण. शरीराला पुस्तक आणि प्रसंग यातला फरक चटकन कळत नाही, ते धोक्याची तयारी करू लागतं. पण याहून फसवी खूण दुसरी आहे: काहीच न वाटणं. पानं भराभर उलटली जातात, डोळे ओळींवरून घसरतात, 'हं, मग पुढं' असं होतं. मन सुन्न होऊन स्वतःला वाचवत असतं. तेव्हा वाचलेलं पदरात पडत नाही, म्हणून तिथं थांबलेलं बरं.

थांबून करायचं काय? अनवाणी पाय शहाबादी फरशीवर टेकवा. तिचा गारवा तळव्यांना जाणवू द्या. समोर दिसणाऱ्या पाच गोष्टींची नावं मोठ्याने घ्या: घागर, कॅलेंडर, चपला, खिडकी, तुळस. मग ऐकू येणारे आवाज. सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, राहत असाल तर शेजारच्या यंत्रमागाचा खटका ऐकू येतच असेल, तो वीसपर्यंत मोजा. श्वास घेताना जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा सोडताना जास्त लावा. हे पोरकट वाटतं, पण आपण आज, इथे, या खोलीत आहोत हे शरीराला पटवायला शब्दांपेक्षा या गोष्टी लवकर लागू पडतात.

पानं गाळायला मुभा आहे. लिहिणाऱ्याने सोसलं म्हणून वाचणाऱ्याने प्रत्येक ओळ सोसली पाहिजे असा काही करार नाही. गाळलेल्या पानांवर पेन्सिलीने बारीक खूण करा. परत जावंसं वाटलं तर जा, नाही वाटलं तर नका जाऊ.

एक परिच्छेद जवळून

नुसतं 'लक्ष देऊन वाचा' म्हणण्याने काही हाती लागत नाही, म्हणून एक नमुना देते. हा परिच्छेद मी या लेखासाठी रचलेला आहे, कुठल्याही पुस्तकातला किंवा माणसाचा नाही.

"रविवारी दुपारी काका यायचे. ते आले की मी गच्चीवर जाऊन कुरडयांची राखण करायची. आई म्हणायची, किती गुणाची गं पोर, भर उन्हात बसते. पुढं पाऊस सुरू झाला. कुरडया डब्यात गेल्या. रविवार आला, मी तरी गच्चीवर गेले. काका म्हणाले, थांबा वहिनी, मीच बघून येतो."

पहिल्या वाचनात आपलं मन शेवटच्या वाक्यापाशी धावतं आणि विचारतं, पुढं काय झालं? तिथं स्वतःला आवरा. लिहिणारीने ते लिहिलेलं नाही, आणि बहुधा मुद्दाम लिहिलेलं नाही. ती जे दाखवतेय त्याकडे या.

दुसऱ्यांदा वाचताना विचारा: मुलीने काय केलं? आठ-नऊ वर्षांच्या मुलीने अशी जागा शोधली जिथं काका उन्हाला कंटाळून येणार नाहीत, आणि असं काम शोधलं ज्याला मोठी माणसं नावं ठेवणार नाहीत. हा तिचा बेत होता. अशा प्रत्येक पुस्तकात मूल काही ना काही बेत करत असतं: आजारी पडणं, अंथरुण ओलं करणं, धाकट्या भावाला कुशीत घेऊन झोपणं, अभ्यासात पहिला नंबर काढणं, नापास होणं. 'बिचारी' म्हणून पुढं गेलात तर हा बेत दिसतच नाही.

तिसऱ्यांदा विचारा: मोठ्यांना काय दिसलं? आईला मुलगी गच्चीवर जाते हे दिसलं. तिने त्याला गुणाचं नाव दिलं. आईला लगेच गुन्हेगार ठरवू नका, तिच्या जागी आपणही तेच म्हटलं असतं, आणि नेमकं तेच बघायचं आहे. चौथ्यांदा: विचारण्याची संधी कुठं होती? पावसात. कुरडया नसताना पोर गच्चीवर का गेली? हा एक प्रश्न कुणी मायेने विचारला असता तर! असे प्रश्न वहीत टिपून ठेवा. पुढे घरात, वर्गात, शेजारी उपयोगी पडतात ते हेच. ठरावीक माणूस आला की ठरावीक काम शोधणारं मूल तुम्हाला मग ओळखू येतं.

वही ठेवताना उजव्या पानावर पुस्तकातलं आणि डाव्या पानावर आपल्या मनात आलेलं असं वेगळं लिहा. दोन्ही एकत्र झालं की दुसऱ्याची गोष्ट आपण आपलीच करून टाकतो.

मनात येणाऱ्या शंका

वाचताना शंका येतातच. त्या दाबू नका, पण त्यांची उत्तरं समजून घ्या.

लगेच का नाही सांगितलं? अत्याचार करणारा बहुतेक वेळा ओळखीचा असतो, आणि तो एका दिवसात सुरुवात करत नाही. आधी खाऊ, मग लाड, मग 'हे आपलं गुपित', मग 'सांगितलंस तर आईला त्रास होईल'. प्रसंग येतो तोवर मुलाला आपणही त्यात सामील आहोत असं वाटू लागलेलं असतं. शिवाय जे घडतंय त्याला काय म्हणतात तेही माहीत नसतं. अनेक जण वीस-तीस वर्षांनी बोलतात. कायद्यालाही हे मान्य आहे. २०१२ च्या पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या, कायद्याखालच्या गुन्ह्याची तक्रार मोठं झाल्यावरही करता येते, त्याला मुदत नाही.

ओरडली का नाही, पळाली का नाही? भीतीने अंग गोठतं. ते कुणाच्या ठरवण्यावर नसतं, मोठ्या धडधाकट पुरुषांचंही तसं होतं.

आठवणी तुटक का? भयाच्या क्षणी मन सगळं ओळीने नोंदवत नाही. पंख्याचा आवाज, चादरीची नक्षी, तंबाखूचा वास लख्ख राहतो आणि तारीख, वार, कोण आधी आलं हे हरवतं. तेव्हा प्रकरणांचा क्रम चुकला किंवा एका ठिकाणी दहा आणि दुसऱ्या ठिकाणी अकरा वर्षं लिहिलं, म्हणून माणूस खोटा ठरत नाही. खोटी आत्मकथनंही जगात निघाली आहेत, हे खरं. पण त्याचा निवाडा करायला वाचक न्यायाधीश म्हणून बसलेला नाही.

सगळ्यांत अवघड शंका: ज्या बापाने एवढं केलं त्याच्यावर ती अजून प्रेम कशी करते? करते. मुलाला जगायला तोच बाप, तीच आई असते. प्रेम आणि भीती एकाच ताटात वाढलेली असते आणि पुढं आयुष्यभर ती निवडून वेगळी करावी लागते. पुस्तकाच्या शेवटी तिने त्याला क्षमा करावी किंवा त्याचं तोंडही पाहू नये, अशी आपली इच्छा असते. ती बाजूला ठेवा. आपल्याला बरं वाटावं म्हणून तिने शेवट गोड करायला नको.

मुलग्यांची कहाणी असेल तर आणखी धीराने वाचा. 'मुलाला काय होतंय' हे वाक्य आपल्याकडे अजून सहज निघतं. पोक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या मुलगा-मुलगी दोघांनाही सारखाच लागू आहे.

चारचौघांत बोलताना

एकट्याने वाचण्यापेक्षा दोघा-चौघांनी मिळून वाचलेलं केव्हाही बरं, पण काही गोष्टी आधी ठरवून. प्रसंगांची वर्णनं पुन्हा सांगायची नाहीत, सगळ्यांनी वाचलेलंच आहे. "तुझ्याबाबतीत असं काही झालं का?" हे कुणीही कुणालाही विचारायचं नाही. मधेच उठून जाणाऱ्याला कारण विचारायचं नाही, फक्त एकाने थोड्या वेळाने दारापर्यंत जाऊन बघायचं. इथलं बोलणं इथेच. आमच्याकडे घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारे बरेच आहेत. पुस्तक मराठीत वाचलं तरी मनातलं बोलताना ज्याला जी भाषा जवळची ती त्याने वापरावी, बाकीच्यांनी थांबून समजून घ्यावं. शेवटची वीस मिनिटं चहा, कडक भाकरी-शेंगाचटणी आणि इकडच्या तिकडच्या गप्पा. हा वेळ फालतू समजून कापू नका. मनावर घेतलेलं ओझं उतरवूनच माणसं घरी गेली पाहिजेत.

पुस्तकातला भयंकर परिच्छेद फोटो काढून स्टेटसला किंवा घरच्या ग्रुपवर टाकू नका. तो कुणाच्या हातात कुठल्या क्षणी पडेल सांगता येत नाही. आणि आपल्या गल्लीत घडलेल्या एखाद्या खऱ्या प्रकरणाची या निमित्ताने चर्चा निघालीच तर मुलाचं नाव, शाळा, घर काहीही उच्चारू नका. पीडित मुलाची ओळख उघड करायला कायद्याने मनाई आहे, आणि सोलापुरात 'त्या अमक्या पेठेतली' एवढं म्हटलं तरी ओळख पटते.

कुणी तुम्हालाच सांगितलं तर

मूल सांगत असेल तर चेहरा शांत ठेवा. तुमचा भेदरलेला चेहरा बघून ते गप्प होतं. "बरं झालं सांगितलंस. तुझी काही चूक नाही. माझा तुझ्यावर विश्वास आहे." सुरुवातीला एवढंच. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. त्याऐवजी म्हणा, "तुला मदत करू शकतील अशाच माणसांना सांगू." खोदून खोदून विचारू नका, पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका. नंतर एकटं बसून त्याचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळ घालून लिहून ठेवा. ज्याचं नाव घेतलंय त्याला जाऊन जाब विचारू नका. पहिला राग तसाच येतो, पण त्याने मुलाचा धोका वाढतो.

मग कळवायचं. पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा माहीत असणाऱ्या प्रत्येकाने तो पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. चांगल्या हेतूने माहिती दिली तर माहिती देणाऱ्यावर कारवाई होत नाही. १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर चोवीस तासांत केव्हाही फोन लावता येतो, तातडीचा धोका असेल तर ११२. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. कुठल्याही कारणाने मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. हे तुम्हाला पाठ असेल तर तिथे ठामपणे बोलता येतं. घरातच धोका असेल तर जिल्ह्याची बाल कल्याण समिती मुलाच्या राहण्याची सोय बघते. घटना नुकतीच घडलेली असेल तर अंघोळ घालण्याआधी आणि कपडे धुण्याआधी दवाखान्यात न्या. उपचारांसाठी आधी पोलिसांचा कागद आणा असं डॉक्टर म्हणू शकत नाहीत, आणि हे उपचार मोफत आहेत.

मोठं माणूस आपलं लहानपण सांगत असेल तर चाल वेगळी. तिथे घाई नको. "एवढी वर्षं गप्प का राहिलीस", "आता उकरून काय उपयोग", "विसरून जा" ही तीन वाक्यं जिभेवर येऊ देऊ नका. विचारा, "माझ्याकडून काय व्हावं असं तुला वाटतं?" बहुतेकांना त्या दिवशी फक्त कुणीतरी ऐकायला हवं असतं. एक प्रश्न मात्र हळूच, योग्य वेळी, विचारलाच पाहिजे: तो माणूस आज कुठं आहे, आणि त्याच्या आसपास लहान मुलं आहेत का? उत्तर होकारार्थी असेल तर विषय फक्त भूतकाळाचा राहत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना, त्यांचं उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत वकील आणि सल्ला मिळतो. तिला तिथे एकटं पाठवू नका, बरोबर जा.

पुस्तक परत करताना

लागोपाठ दुसरं तसंच पुस्तक आणू नका. मध्ये प्रवासवर्णन वाचा, पाककृतींचं पुस्तक वाचा, काहीही. वहीतले उजव्या पानावरचे प्रश्न मात्र पुन्हा एकदा वाचा आणि घरातल्या दोन-तीन सवयी बदला. पाहुण्याला पापी द्यायला मुलाला भरीस घालू नका, ते 'नको' म्हणालं तर नको. लग्नाला किंवा जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, गावाकडची मंडळी उतरली की एका खोलीत सगळ्यांची अंथरुणं पडतात. त्या रात्री मुलं कुणाशेजारी झोपणार ते आईबापांनी ठरवावं, जागेच्या सोयीने ठरू देऊ नये. 'कुणी काही म्हणालं, कुठं हात लावला, तर मला सांग, मी रागावणार नाही' हे एकदा सांगून होत नाही, दर महिना-दोन महिन्यांनी सहज बोलता बोलता सांगावं लागतं.

पुस्तक पुढे कुणाला सुचवताना 'फार भारी आहे, वाचच' एवढ्यावर भागवू नका. आत कशाबद्दल आहे ते स्पष्ट सांगा: मारहाण आहे, लैंगिक अत्याचार आहे, आत्महत्येचा प्रयत्न आहे. समोरचा "आत्ता नको" म्हणाला तर पुस्तक पिशवीत परत टाका आणि कारण विचारू नका. हो म्हणाला तर शेवटचं प्रकरण आधी वाचायला सांगा. कुठली पानं सकाळी वाचावीत आणि कुठली गाळली तरी गोष्ट कळते, ते एका चिठ्ठीवर लिहून पुस्तकात घालून द्या. चिठ्ठीच्या खाली तुमचा फोन नंबर आणि १४४१६ हे दोन्ही लिहा.